लेथवर उतरलेला आवाज

लेथ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे लोखंड येते, पितळ येते, फार तर लाकूड येते. माणसाचा आवाजसुद्धा लेथवर उतरवता येतो, ही गोष्ट मला वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी कळली. मी धंद्याने टर्नर. रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये चौतीस वर्षे लेथपुढे उभा राहिलो. बुश, पिना, बोल्ट किती टर्न केले त्याचा हिशेब नाही. गाण्याची आवड आमच्या घरात सगळ्यांना. पण रेकॉर्ड कशी तयार होते हा विचार कधी मनात आला नव्हता. मोठ्या कंपनीत छापून निघते, एवढेच माहीत.

२०२३ च्या उन्हाळ्यात आम्ही उभयता सहा महिन्यांसाठी मुलीकडे अमेरिकेला गेलो. मुलगी-जावई मिशिगन राज्यात, लॅन्सिंग शहराजवळ राहतात. दोघेही दिवसभर कामावर, नात शाळेत. मला रिकामे बसणे जमत नाही. तिकडे शनिवारी लोक घरातले जुने सामान गॅरेजपुढे मांडून विकतात. अशाच एका ठिकाणी मला तपकिरी रंगाची पेटी दिसली. झाकण उघडले तर आत ग्रामोफोनसारखे फिरते ताट. पण त्याच्यावर एकाऐवजी दोन भुजा. एक हलकी, दुसरी जाड आणि वजनदार. जाड भुजेखाली एक आटे पाडलेला दांडा होता. तो बघितला आणि मी तिथेच खाली बसलो. अहो, हा तर लीड स्क्रू! लेथवर आटे पाडताना टूलला बरोबर मापाने पुढे सरकवतो तोच. चाळीस डॉलर सांगितले होते, पस्तीसला मिळाली.

जावई म्हणाले, “मामा, हे भंगार घेऊन काय करणार?”

मी म्हणालो, “भंगार नाही, हे मशीन आहे. मशीन बंद पडलेले असते, मेलेले नसते.”

ही पेटी म्हणजे घरच्या घरी रेकॉर्ड कापण्याचे यंत्र. नाव ‘रेकॉर्डिओ’, बनवणारी कंपनी विलकॉक्स-गे. योगायोग असा, की ही कंपनी मिशिगनमधल्याच शार्लट नावाच्या लहान गावची, मुलीच्या घरापासून तीस-पस्तीस किलोमीटरवर. साधारण १९४० पासून पुढची दहा-बारा वर्षे अशी यंत्रे तिकडच्या साध्या घरांतून होती. पुढे टेपरेकॉर्डर आला आणि ही पेटी माळ्यावर गेली.

चालते कशी ते सांगतो, कारण आमच्या टर्नर-फिटर बंधूंना ते चटकन समजेल. ग्रामोफोनमध्ये सुई खाचेतून फिरते, हलते, आणि त्या हलण्याचा आवाज होतो. इथे सगळे उलटे. मायक्रोफोनमध्ये बोलले की व्हॉल्व्हचा अँप्लिफायर तो आवाज वाढवतो आणि जाड भुजेतल्या डोक्याला देतो. ते डोके धारदार सुईला डावी-उजवीकडे थरथरवते. खाली मऊ थर दिलेली कोरी तबकडी मिनिटाला ७८ फेरे फिरत असते. सुई म्हणजे आपले टूल, तबकडी म्हणजे जॉब, आणि लीड स्क्रू सुईला हळूहळू सरकवतो. थराचा केसाएवढा बारीक धागा निघत राहतो. या आमच्या चिप्सच. खाच तयार झाली की त्याच ताटावर हलक्या भुजेने लगेच ऐकायची. धुणे नाही, छापणे नाही.

वेळेचा हिशेबही लेथसारखा. इंचाला आटे मोजतो तशा इथे इंचाला शंभराच्या आसपास खाचा. साडेसहा इंची तबकडीवर कापायला सव्वा इंच पट्टा मिळतो, म्हणजे सव्वाशे फेरे. मिनिटाला ७८ फेऱ्यांनी भागा : ९६ सेकंद. एवढ्या वेळात माणसाला जे काय म्हणायचे ते म्हणायचे. दहा इंची तबकडी असेल तर तीन मिनिटांच्या थोडे वर. कॅसेट चुकली की पुसून पुन्हा भरता यायची. इथे पुसणे नाही. खोकला आला तर खोकलाही कापला जातो.

आता कोणी म्हणेल, या खेळण्याचे एवढे कौतुक कशाला? मला त्यात वेगळी गोष्ट दिसली. आपल्या देशात ग्रामोफोन कंपनीने १९०८ साली कलकत्त्याला सियालदा येथे रेकॉर्डचा कारखाना काढला, १९२८ मध्ये तो डमडमला गेला. रेकॉर्ड कंपनी काढणार, म्हणजे कोणाचा आवाज राहणार हे कंपनी ठरवणार. आमच्या आया-आज्या पहाटे जात्यावर बसून आयुष्यभर गायल्या, तो आवाज वाऱ्यावर गेला. घराघरांत आवाज भरून ठेवायची सोय आपल्याकडे खऱ्या अर्थाने आली ती कॅसेटमुळे, म्हणजे १९८० च्या आसपास. तोवर त्या आवाजांतले पुष्कळ मातीत गेले होते. आणि इकडे चाळीस वर्षे आधी एखादा मोटार कारखान्यातला कामगार आपल्या लेकराचे बोबडे बोल तबकडीवर कापत होता!

दुसऱ्या महायुद्धात तर अमेरिकेत सैनिकांसाठी आवाजाची पत्रे निघाली. पेप्सी-कोला कंपनीने त्यांच्यासाठी रेकॉर्ड करून देण्याची सोय केली होती. शिपाई आत जाऊन चार शब्द बोलायचा आणि तबकडी टपालाने घरी जायची. नाणे टाकून बोलायच्या खोल्याही होत्या; ‘व्हॉइस-ओ-ग्राफ’ म्हणत. १९५३ च्या उन्हाळ्यात मेम्फिस गावातल्या एका छोट्या स्टुडिओत अठरा वर्षांच्या एका गरीब घरच्या मुलाने जवळपास चार डॉलर मोजून आपल्या आवाजात दोन गाणी कापून घेतली. तो एल्व्हिस प्रेस्ले. ती एकुलती एक तबकडी २०१५ मध्ये तीन लाख डॉलरला विकली गेली.

मला मात्र एल्व्हिसपेक्षा दुसऱ्या माणसाची हकीकत जास्त भावली. ऑगस्ट १९४१. मिसिसिपी राज्यातल्या स्टोव्हॉल नावाच्या मळ्यावर मॅकिन्ली मॉर्गनफील्ड नावाचा काळा तरुण बटईने शेती करायचा, ट्रॅक्टर चालवायचा, रात्री गिटारवर गायचा. जमीन मालकाची, कापूस मालकाचा. वॉशिंग्टनच्या ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’तर्फे अ‍ॅलन लोमॅक्स आणि फिस्क या काळ्या लोकांच्या विद्यापीठातले प्राध्यापक जॉन वर्क तबकडी कापायचे यंत्र गाडीत घालून तिथे पोचले. त्याच्या झोपडीत त्यांनी त्याचे गाणे कापले आणि लगेच त्याला ऐकवले. जन्मात पहिल्यांदा त्याने आपला आवाज बाहेरून ऐकला. नंतर त्याने अनेकदा सांगितले, की ते ऐकले तेव्हाच आपल्याला गाता येते याची आपल्याला खात्री पटली. १९४३ मध्ये मळा सोडून तो शिकागोला गेला आणि ‘मडी वॉटर्स’ या नावाने जगाला माहीत झाला. त्याला कोणी गाणे शिकवले नाही की पैशाची थैली दिली नाही. त्याचाच आवाज त्याला परत ऐकवला, एवढेच.

असो. पेटीकडे वळतो, कारण खरे काम तिथेच होते.

अशी जुनी पेटी हाती आली की पहिला नियम : वीज लावून बघू नका. सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीचे मेण-कागदाचे कंडेन्सर आतून गेलेले असतात. प्लग लावला की धूर, किंवा ट्रान्सफॉर्मरच जळतो. शिवाय व्हॉल्व्हच्या सेटमध्ये प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये जीवघेणा दाब साठून राहतो. काही स्वस्त सेटांत तर वीज सरळ पत्र्यालाच आलेली असते. मला लोखंडाचे कळते, विजेचे काम माझे नाही. गावात व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करणारे एक गोरे आजोबा होते, वय ऐंशीच्या घरात. त्यांना माझे इंग्रजी कळेना, मला त्यांचे. पण मी लीड स्क्रूवर बोट ठेवून हाताने चाक फिरवण्याची खूण केली आणि त्यांनी मान डोलावली. एका कारागिराला दुसरा ओळखायला भाषा लागत नाही. कंडेन्सर बदलले, दोन व्हॉल्व्ह बदलले, वायरीवरचे कुजके रबर काढून नवी वायर घातली. मजुरी पेटीच्या किमतीपेक्षा जास्त झाली, ते घरात मी सांगितले नाही.

दुसरी गोष्ट रबराचे चाक. मोटार आणि ताट यांच्यामध्ये ते घासत फिरते. वर्षानुवर्षे एकाच जागी दाबून राहिले की रबर दगड होते आणि एका बाजूने चपटे बसते. मग प्रत्येक फेऱ्याला धप्‌ असा आवाज तबकडीवर उतरतो. तिकडे अशा चाकांवर नवे रबर चढवून देणारे लोक आहेत, टपालाने पाठवावे लागते. ताट जेवढे जड तेवढी चाल एकसारखी, हेही ध्यानात ठेवावे. लेस पॉल नावाच्या प्रसिद्ध गिटारवादकाने स्वतःचे रेकॉर्ड कापायचे यंत्र बनवले, तेव्हा ताटासाठी कॅडिलॅक मोटारीचे फ्लायव्हील वापरले. हे वाचले तेव्हा मला त्या माणसाबद्दल आपुलकी वाटली. आमच्या वर्कशॉपमध्ये शोभला असता!

तिसरी गोष्ट कापायचे डोके. पुष्कळशा घरगुती यंत्रांत आत क्रिस्टल असतो. तो एक प्रकारचा क्षारच. उष्णता आणि दमट हवा लागली की निकामी होतो. घेण्याआधी हे बघावे. माझ्या पेटीत चुंबकाचे डोके होते. त्यातले रबराचे लहान तुकडे कडक झाले होते, तेवढे बदलून काम झाले.

मग सुई. इथे मात्र मी राजा होतो. टूल कसे बसवायचे हे मला कोण शिकवणार? सुई सरळ उभी, तोंड बरोबर समोर, जराही तिरपे नाही. पोलादी सुई लवकर बोथट होते आणि बोथट झाली की खरखर वाढते. नीलमण्याची सुई जास्त टिकते. फार खोल गेली तर थराखालच्या अ‍ॅल्युमिनियमला लागून सुईचे तोंड जाते. फार उथळ राहिली तर वाजवताना सुई घसरते. खाच शंभरात साठ आणि दोन खाचांमधली भिंत चाळीस, असे प्रमाण धरतात. मी भिंग लावून बघायचो. निघणाऱ्या धाग्यावरूनही कळते : केसासारखा अखंड आला तर खोली बरोबर, तुटक भुकटी आली तर नाही.

हा धागा सांभाळण्याची गोष्ट आहे. त्या थराला सगळे ‘अ‍ॅसिटेट’ म्हणतात, पण तो असतो नायट्रोसेल्युलोजचा, बंदुकीच्या दारूचा चुलतभाऊ. ठिणगी लागली की भप्पकन पेटतो. कापताना मऊ ब्रशने धागा मधल्या बाजूला सारत राहायचे, नाहीतर तो सुईत अडकतो. काम झाल्यावर पाण्याच्या डब्यात टाकायचा. विडी-सिगारेट ओढणाऱ्याने त्या टेबलाजवळ फिरकू नये. काही लोक मधून कापायला सुरुवात करून बाहेर येतात, म्हणजे धागा आपोआप आतल्या मोकळ्या जागेत पडतो.

सगळ्यात अडचणीची गोष्ट कोऱ्या तबकड्यांची. जगात त्यांचे दोनच मोठे कारखाने उरले होते. त्यातला कॅलिफोर्नियातला अपोलो मास्टर्स ६ फेब्रुवारी २०२० रोजी आगीत जळाला. राहिला जपानमधला एक. त्यामुळे नवी तबकडी महाग. म्हणून नवशिक्याने प्लॅस्टिकवर हात बसवावा. तिकडे पार्टीसाठी कडक, सपाट तळाच्या प्लॅस्टिकच्या ताटल्या मिळतात, पुष्कळ लोक त्यावरच शिकतात. फरक एवढाच, की लॅकर कापले जाते आणि प्लॅस्टिक दाबले जाते, धागा निघत नाही. टर्नर मंडळींना सांगायचे तर एक थ्रेडिंग आणि दुसरे नर्लिंग. मी अकरा ताटल्या खर्च केल्या. नात मोठ्याने पाढे म्हणायची आणि आम्ही ते ताटलीवर ऐकायचो. आवाज विहिरीतून आल्यासारखा, पण तिचाच. शेजारची मुले रांग लावून उभी राहू लागली.

पेटीच्या झाकणात आधीच्या मालकाच्या दोन भरलेल्या तबकड्या आणि दोन कोऱ्या निघाल्या होत्या. भरलेल्यांवर पांढरी बुरशीसारखी साय होती. थर मऊ राहावा म्हणून त्यात एरंडेल तेल घालत, ते काळाने फुटून असे वर येते. एकीचा थर पापुद्र्यासारखा सुटला होता. दुसरी पुसून एकदाच वाजवली. एक लहान मूल आकडे म्हणत होते, मागे कोणी बाई हसत होती. नाव नाही, तारीख नाही. पत्नीने ती ऐकली आणि बराच वेळ काही बोलली नाही.

कोऱ्यांपैकी एकीला तडा गेला होता. म्हणजे राहिली एकच. ती कोणासाठी वापरायची हे मी पहिल्या दिवसापासून ठरवले होते. पत्नी ऐकेना.

“अहो, माझा कसला आवाज? नातीचं इंग्रजी गाणं घ्या त्याच्यावर. तिला शाळेत बक्षीस आहे.”

“नातीचा आवाज फोनवर शंभर वेळा घेतलाय. तुझ्या आईच्या त्या जात्यावरच्या ओव्या किती जणींना येतात आता?”

“मलाही धड येत नाहीत.”

“येतात तेवढ्या म्हण.”

तिने विड्या वळून, पुढे बालवाडीत खिचडी शिजवून तीन मुले शिकवली. लग्नाच्या घरात चार बायका बसल्या तर ती खालच्या आवाजात धरून म्हणते. एकटीने म्हणायची वेळ आली की पदर तोंडाला. तिची आई १९८७ साली गेली, दहा गावच्या बायका तिला गायला बोलवायच्या. तिच्या आवाजाचा एक शब्द कुठे नाही. मी पत्नीला मिसिसिपीच्या त्या ट्रॅक्टरवाल्याची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, “त्याच्याजवळ गिटार होती.” नात मध्येच म्हणाली, “आजी, तुझ्याजवळ जातं होतं ना?” ही एवढी मराठी त्या पोरीने कुठून आणली, कोण जाणे.

रविवारी दुपारी फ्रिज बंद केला, पंखा बंद केला, शेजाऱ्यांना गवत कापायचे मशीन थांबवायला सांगितले. आधी ताटलीवर दोनदा सराव. मग कोरी तबकडी ठेवली, सुई टेकवली. तिने डोळे मिटले आणि सुरुवात केली. पहिली ओवी थरथरली. दुसरीला आवाज लागला, आणि मी ब्रश धरून धागा सारत होतो तो हात क्षणभर थांबला; चाळीस वर्षे ज्या बाईबरोबर संसार केला तिचा असा मोकळा आवाज मी ऐकला नव्हता. पाच ओव्या झाल्या आणि सहावीला ती अडली. तबकडी फिरतच होती. वीस-बावीस सेकंद शिल्लक. नातीने विचारले, “पुढं काय, आजी?” ती म्हणाली, “पुढचं माझ्या आईला येत होतं, बाळा.” आणि मग दोघी हसल्या. सुई पट्ट्याच्या शेवटाला आली, मी भुजा उचलली.

लगेच लावून ऐकवले. ती दोन्ही हात मांडीवर ठेवून खाली बघत ऐकत होती. संपल्यावर एवढेच म्हणाली, “माझा आवाज आईसारखा आहे.” त्यानंतर आठवडाभर ती स्वयंपाक करताना गुणगुणत होती. सहावी ओवी तिला विमानात बसल्यावर आठवली!

पेटी मी इकडे आणली नाही. वजनाचा प्रश्न होताच, पण खरी अडचण विजेची. तिकडे वीज ११५-१२० व्होल्टची आणि सेकंदाला ६० आवर्तनांची. आपल्याकडे २३० आणि ५०. व्होल्ट ट्रान्सफॉर्मरने कमी होतात, आवर्तने बदलत नाहीत, आणि या मोटारीची चाल आवर्तनांवर असते. तिथले ७८ फेरे आपल्याकडे ६५ होतात. कोणी मुलाला-मुलीला सांगून अशी पेटी मागवणार असेल तर हे आधी ध्यानात घ्यावे. नुसती हौस भागवायची असेल तर जपानच्या गाक्केन कंपनीने २०२० मध्ये युरी सुझुकी या कलावंताच्या मदतीने रेकॉर्ड कापायचे लहान खेळणे काढले आहे. भाग जोडून घ्यायचे असतात आणि ते मोबाइलच्या चार्जरसारख्या विजेवर चालते, म्हणून आवर्तनांची कटकट नाही. आवाज साधाच येतो. मुलांना तत्त्व कळायला पुरेसा आहे.

तबकडी मुलीकडेच आहे. मऊ थराची असल्यामुळे जुन्या जड भुजेने वारंवार वाजवली तर झिजते, आणि आजच्या प्लेअरची बारीक सुई तिच्या रुंद खाचेत तळाला जाते, म्हणून ७८ ची वेगळी सुई लावून जावयांनी एकदाच ती कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. आता ती कागदी पाकिटात, कपाटात उभी ठेवलेली आहे. आडवी ठेवली की वाकते. पाकिटावर नातीने आपल्या हाताने तारीख, गाव आणि आजीचे पूर्ण नाव लिहिले आहे, देवनागरीत. त्याखाली आजीच्या आईचे नाव. ते तिने मला फोन करून विचारून घेतले.